भाडेवाढीविरुद्ध चारशे बारा सह्या

शहर बसची भाडेवाढ मी एकट्यानं थांबवणार होतो. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण तेव्हा ठरवलं होतं ते तसंच, त्यामुळे राहू द्या.

यंदाचं साल चौऱ्याण्णव. आम्ही बेंगळूरातल्या यशवंतपूरचे जुने मराठी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. निवृत्त झाल्यापासून मी रोज बसनं कब्बन पार्कातल्या वाचनालयात जायचो. पुस्तकं उत्तराची अपेक्षा करत नाहीत, म्हणून मला ती आवडतात. अशात भाडेवाढीची बातमी आली. माझ्या पत्नीनं, सत्यवतीनं, वर्तमानपत्राची घडी घालत निकाल दिला: नवं भाडं लागू झालं की आठवड्यातून दोनच दिवस वाचनालय. उरलेले दिवस घरी, म्हणजे भगवंतरावांसोबत. भगवंतराव तिचे बंधू. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर म्हणून आले, त्याला सहा वर्षं झाली. सकाळी सातला ते गुडघ्याची हकिकत सुरू करतात आणि फक्त घास गिळण्यापुरते थांबतात.

तेव्हा मी अर्ज लिहायला बसलो. सरकारचं म्हणणं होतं की बसखातं तोट्यात आहे. बरोबरच आहे. मोटारींसाठी पूल बांधला की तो विकास, आणि माणसांसाठी बस चालवली की तो तोटा. एवढं अर्थशास्त्र मलाही कळतं. तरी मी विचारलं, की रस्ते रुंद करायच्या पैशांतला थोडा पैसा त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या बसला का देऊ नये? हे मलाच उद्धट वाटलं, म्हणून ‘द्यावा की कसे’ असं केलं. अर्ज कन्नडमध्ये होता, पण घाबरलो मी मराठीतच.

सोमवारी घडीचं टेबल बसस्टॉपजवळच्या झाडाखाली मांडलं. वहीच्या पहिल्या पानावर अर्ज चिकटवला होता. पुढे रकाने: नाव, पत्ता, सही, शेरा. लोकांना हाका मारून बोलावणं मला या जन्मी जमणार नव्हतं. रकान्यांचं पान उघडून मी खाली मान घालून बसलो.

दोन तास कोणी फिरकलं नाही. मग शेजारचा शहाळीवाला शिवाप्पा वाकून वहीत डोकावून गेला. पाचच मिनिटांत एक बाई आल्या. फी किती, असं त्यांनी हळूच विचारलं. फी कसली, मी म्हणालो. काम कधी होईल? सह्या किती जमतात त्यावर आहे, मी म्हणालो. त्यांनी लगेच सही केली आणि नणंदेला बोलावून आणलं. दुपारपर्यंत रांग लागली. बस येऊन गेली तरी रांगेतलं कोणी हललं नाही. बसभाड्यासाठी बस सोडणारे लोक पाहून माझा ऊर भरून आला.

शेऱ्याच्या रकान्याचं मात्र कोडं पडलं. पहिल्या बाईंनी लिहिलं होतं, ‘३० बाय ४०’. मला वाटलं, वयं असतील. त्या तीस, यजमान चाळीस. पण पुढच्या माणसाचंही तेच, त्याच्या पुढच्याचंही तेच. बेंगळूरातल्या सगळ्या जोडप्यांनी ठरवून लग्नं केली की काय? पण विचारायचं कसं? कोणी लिहिलं ‘पूर्व’, कोणी ‘कोपरा’. पूर्वेला जाणारे आणि खिडकीशी बसणारे, असा अर्थ मी लावला. माणसानं फार पुस्तकं वाचली की त्याला कशाचाही अर्थ लावता येतो.

चार दिवसांत चारशे बारा सह्या झाल्या. शुक्रवारी वही घेऊन मी बसखात्याच्या कचेरीत गेलो.

तिथल्या साहेबानं वही उघडली ती शेवटून. कचेरीत ताजा कागद वर असतो, त्यामुळे सगळेच शेवटून वाचतात. दोन पानं उलटल्यावर त्यानं मला बसायला खुर्ची दिली. आजवर कोणत्याही साहेबानं मला खुर्ची दिली नव्हती.

“हेब्बाळच्या पुढे का, सार?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

हेब्बाळ शहराच्या वेशीवर; तिथल्या बसचं विचारतोय असं समजून मी वही त्याच्याकडे आणखी सरकवली.

“पूर्वेला तोंड असलेली एखादी साईट उरली असेल, तर माझंही घ्या.” आणि त्यानं चारशे तेरावी सही केली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साईट म्हणजे घर बांधायचा प्लॉट, तीस फूट बाय चाळीस. स्वच्छ सदरा, चष्मा, टेबल, वही आणि तोंडातून शब्द नाही, असा म्हातारा या शहरात गृहनिर्माण सोसायटीचा चिटणीसच असतो. उभं बेंगळूर साईटसाठी नाव नोंदवत हिंडतं. पहिलं पान वाचायला सवड कोणाला?

मी कसाबसा म्हणालो, “पहिलं पान बघता का जरा?”

त्यानं पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्वतःची सही नीट खोडली आणि खाली शेरा लिहून मला वाचून दाखवला: “अर्जदार चारशे बारा. सर्व जण प्लॉट घेण्याच्या तयारीत. सबब भाडेवाढ सहज परवडेल.” त्यावर शिक्का मारला. मी आभार मानले. का मानले, कोण जाणे.

परतल्यावर शिवाप्पाला सगळं सांगितलं. लोकांना साईटचं त्यानंच सांगितलं होतं. टेबल बघून दुसरं काय वाटणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकतो.

तो नारळ सोलायचा थांबला. “सार, सत्त्याऐंशी नंबर माझा आहे. बायकोनं चूल कुठल्या बाजूला मांडायची ते ठरवलंय. स्वल्प थांबा.”

मी थांबलो. अजून थांबलोच आहे. पहिले काही दिवस स्टॉपवर रोज कोणी ना कोणी नमस्कार करून विचारायचं, आपलं कुठवर आलं? मी मान हलवायचो. मग तेही जमेना. वाचनालयाचे ते दोन दिवसही गेले. माझ्या भाड्याचे पैसे पूर्ण वाचले, म्हणून सत्यवती खूश आहे.

भाडं वाढलं, असं ऐकतो. नक्की किती वाढलं, ते सांगता येणार नाही. बसस्टॉपवर जाऊन मला दीड महिना झाला.