मीरासाहेबांचा पितळी बिल्ला

तळेगाव ढमढेरेच्या मीरासाहेबांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावलं ते एवढंच, की ज्याच्याकडं आपल्या हाटेलाचा बिल्ला असंल त्यानं बाजाराच्या दिवशी घरी यावं, चहा मिळंल. पण त्याचं पुढं जे झालं ते सांगायची सोय न्हाई.

सुरुवात केली त्यांच्या पोरानं. कंपनीत कामाला असलेला कैफ जेवताना स्टेबलकॉइनचं, म्हंजी मोबाइलवरच्या नाण्याचं सांगत होता. "अब्बा, एका नाण्यामागं एक डॉलर बाजूला ठेवत्यात. म्हणून भाव हालत न्हाई. कवाबी नाणं द्या, डॉलर घ्या."

"ह्यात नवीन काय? हे म्या तीस वर्षांमागं काढलंय."

आन् ते खोटं नव्हतं. तवा सुट्ट्या पैशांची मारामार. मीरासाहेब सुट्ट्याऐवजी स्वतःच्या नावाचा पितळी बिल्ला द्यायचे. एक बिल्ला, एक चहा. पुढं पुढं तो भाजीवाला घ्यायला लागला, न्हावी घ्यायला लागला, जीपवाला तर बिल्ल्यावर केंदूरला न्यायचा. काय दिवस होते ते. (चहा आत त्यांची बायको गुलशन उकळायची, मालक गल्ल्यावर. हाटेल बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी मनानं ते अजून तिथंच बसलेले.)

"आता कोण इचारतंय त्या बिल्ल्याला?" कैफ म्हणाला, आन् हेच त्यांना लागलं.

बाजाराच्या दिवशी चार-दोन म्हातारे येतील म्हणून अंगणात एक बाकडं टाकलं. आली साठ माणसं. केंदूरच्या गेणबांनी तर बिल्ला चिंधीत बांधून जपलेला. मीरासाहेबांचे डोळे भरून आले. एकच गोष्ट राहिली होती, गुलशनला सांगायची. ती सकाळीच बहिणीकडं कासुर्डीला गेलेली.

मग मालक स्वतः शेगडीपुढं उभे राहिले, जन्मात पहिल्यांदा.

गेणबांनी बिल्ला दिला, घोट घेतला आन् बराच वेळ तोंडात धरला. "मीरासाहेब," ते हळूच म्हणाले, "माझा बिल्ला तेवढा परत द्या. भाभी आल्या की येतो."

मागच्यांनी चहा न घेताच बिल्ले खिशात घातले.

"अब्बा," कैफ म्हणाला, "तुमचा डॉलर कासुर्डीला गेलाय."

संध्याकाळी गुलशन आली. आपल्या नावाचा धंदा कुणाच्या हातावर चालत होता, ते मीरासाहेबांना आज कळलं होतं. पण तोंडानं म्हणायचं कसं? त्यांनी गुमान आपल्याजवळचा बिल्ला तिच्यापुढं धरला. "एक चहा."

तिनं तो उलटापालटा करून पाहिला, पदराच्या गाठीला बांधला आन् करपलेल्या पातेल्याकडं बोट केलं.

"चालंल. पन आधी ते घासा."