गनरची तपासणी

वीर्याचा एक थेंब बघून कुत्रा बाप होणार की नाही हे सांगणारा माझ्यासारखा माणूस कॅनडातल्या या अख्ख्या सास्काटूनमध्ये नाही! आमच्या दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टर कॅरिन तर रिपोर्टखाली माझं नाव दिसलं की पुढे वाचतसुद्धा नाहीत. तेच नडलं.

त्या सकाळी श्वास मिशीवरच गोठत होता. इंजिनाचा हीटर लावायला आवारात जो खांब आहे, त्याची वीज नेमकी गेलेली. हीटर लावला नाही तर संध्याकाळपर्यंत गाडीचा दगड! मी डोकं चालवलं. प्रयोगशाळेत टेबलामागचा कुठलातरी प्लग उपटला, तिथे लांब वायर खुपसली, खिडकीतून बाहेर नेऊन गाडीला जोडली आणि स्वतःवर खूश झालो.

मग ओरेस्ट आले. म्हातारे, एकटे. सोबत गनर, काळा लॅब्रॅडॉर. त्यांच्या बायकोनं, ओलेनानं, जन्मभर जपलेल्या कुळातला हा शेवटचा. गनरची प्रोस्टेट सुजलेली, म्हणून कॅरिन केव्हापासून त्याचे अंडकोष काढायचं म्हणत होत्या आणि ओरेस्ट गनरची एकदा तरी पिल्लं व्हावीत म्हणून अडून बसले होते. शेवटी ठरलं, आज तपासणी. नमुना चांगला निघाला तर आधी पिल्लं, नाहीतर लगेच ऑपरेशन.

"नीट बघ रे बाबा," ओरेस्ट म्हणाले. "ओलेनाचं एवढंच उरलंय."

"अहो, मी बघतोय ना! काळजी कसली?"

गनरनं आपलं काम चोख केलं. मी काचपट्टी विजेवर गरम राहणाऱ्या नेहमीच्या प्लेटवरून उचलली, थेंब टाकला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. सामसूम! एक शेपूट हलेना. दुसरी पट्टी घेतली. तिथेही तेच.

"काही उरलं नाही, ओरेस्ट."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मग करून टाका," म्हणाले, आणि गनरचे कान कुरवाळत बसले. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं आवराआवर करताना प्लेटला हात लागला. बर्फ! टेबलामागे वाकलो, तर प्लेटचाच प्लग जमिनीवर पडलेला. गार काचेवर कुठलं बीज पोहणार? मी नवी पट्टी काखेत धरली, चांगली गरम केली, उरलेल्यातला थेंब टाकला. जत्रा! नुसती झुंबड!

"थांबा!" मी ओरडत धावलो.

कॅरिन हातमोजे काढत होत्या. "झालं की! का रे, एवढा घामाघूम का?"

स्टीलच्या वाटीत गनरचे दोन्ही अंडकोष पडलेले.

संध्याकाळी ओरेस्टची गाडी काही केल्या सुरू होईना. मी दोघांना माझ्या गाडीत घेतलं. गनर गुंगीत, डोकं त्यांच्या मांडीवर. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू!

"हुशार आहेस हो," ओरेस्ट म्हणाले. "माझं बघ, या दुखण्यात हीटर लावायचं लक्षातच राहिलं नाही. तू मात्र विसरला नाहीस!"