दोघांच्या वजनाची रिम

टिंग. मागच्या चाकाची तार तुटली की असा आवाज होतो. गेनबा आचाऱ्याच्या चाकाचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्याच्या कॅरिअरवर त्याची वारलेली बायको बसलेली होती.

आमच्या गावात कॅरिअरवरच्या माणसाला सायकलवाल्याने 'उतर' म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर माणूस उतरून आपल्या वाटेने जातो, पण त्याचं वजन कॅरिअरवरच राहतं. पोरांना सायकल शिकवताना ब्रेकच्या आधी हे शिकवतात. तरी चुका होतात. भालेराव गुरुजी एकदा सासऱ्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटत होती, गडबडीत म्हणायचं राहिलं. सासरे आपल्या गावी पोचले आणि गुरुजी कितीतरी दिवस घामाघूम होऊन शाळेत येत राहिले. शेवटी बायकोने त्यांना अंगणात उभं केलं आणि 'मामा, उतरा' असं म्हणवून घेतलं. तेव्हा कुठे टायर वर आला. सासरे तिकडे जेवत होते, त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

गेनबाचं राहिलं ते दवाखान्याच्या दारात. हौसाला ताप चढला होता. मागे हौसा आणि पुढे नळीवर लहानगी शेवंता, असा तो गेला. आधी पोरीला 'उतर' म्हणून त्याने खाली घेतलं. तेवढ्यात आतून माणसं आली आणि हौसाला उचलून घेऊन गेली. ती परत आली नाही.

तार तुटली ती माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानासमोरच. मी सायकल उलटी करून चाक फिरवलं. चाक डावीकडे झुकत होतं.

"गेनबा, मागं कोण आहे?"

"हौसा."

"डावीकडं पाय सोडून बसायची ना?"

"लुगड्यातली बाई तात्या, दुसरी कशी बसणार?"

"म्हणायचं राहिलं?"

"राहिलं."

"मग आता म्हण. तार घालतो आणि चाक सरळ करून देतो. पुन्हा यायला नको."

गेनबा मुळात अंगाने भारी. गावात कुणाचंही लग्न असो, बुंदी त्याचीच, आणि भांड्याला लागलेली शेवटची बुंदीही त्याचीच. सायकलने त्याला एकट्याला नेलं तरी पुष्कळ होतं. तो माझ्या बाकावर बसला तेव्हा बाक करकरला. बराच वेळ त्याने उलट्या सायकलीकडे पाहिलं.

"तात्या, तू रिम दाखव," तो म्हणाला.

मी दाखवल्या. अल्युमिनियमची नवीन आली होती, ती त्याने बोटावर तोलून परत दिली. "ही पापडासारखी आहे. हौसा घाबरेल." दुसरी चकचकीत होती, पण जोड नीट बसला नव्हता, बोट फिरवलं की नखाला लागायचा. वजन असलेल्या माणसाने आधी जोड बघावा, चकाकी नंतर. शेवटी मी माळ्यावरून मालवाहू सायकलची रिम काढली. जाड पत्र्याची, चाळीस भोकांची. जमिनीवर आडवी टाकली तर कडेने कुठेही उचललेली दिसली नाही. टिचकी मारली तर देवळातल्या लहान घंटेसारखी वाजली.

"ही दोघांना चालेल," मी म्हणालो.

"विचारतो," असं म्हणून गेनबा सायकलजवळ गेला. परत येऊन म्हणाला, "घाल."

मी जाड तारा घातल्या आणि हौसा डावीकडे बसते हे धरून चाक ताणलं. वारलेल्या माणसाच्या वजनाची एक सोय असते, ते वाढत नाही. हौसाचं वजन तापाने उतरून जेवढं झालं होतं तेवढंच राहिलं. वाढत गेला तो गेनबा. त्यामुळे काही वर्षांनी रिम बदलावी लागायची, आणि दर वेळी तो तीच मागायचा.

त्या काळी गावात डबलसीटला बंदी होती. कसबे हवालदारांनी एकदा गेनबाला चौकात अडवलं. मी पान घ्यायला तिथेच उभा होतो. हवालदारांनी मागचा टायर अंगठ्याने दाबला. कॅरिअरला हात लावला.

"वजन आहे," ते म्हणाले. "कोणाचं?"

"मंडळींचं."

"मंडळी दिसत नाहीत."

"दिसत नाहीत साहेब, पण आहेत."

"नाव?"

"हौसाबाई."

हवालदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. "गेनबा, कायदा आहे. बाईंना सांगा, चौकाच्या अलीकडे उतरत जा, पलीकडे बसत जा."

"सांगितलं तर उतरेल साहेब," गेनबा म्हणाला. "मग परत बसायची नाही."

हवालदारांनी यावर विचार केला. मग म्हणाले, "हातात धरून न्या. हातात धरलेल्या सायकलला डबलसीटचा कायदा लागत नाही." तेव्हापासून गेनबा चौक आला की उतरायचा आणि सायकल हातात धरून हळूहळू न्यायचा, जड बाजू सांभाळत.

शेवंता मोठी झाली. बापासारखीच भरली अंगाने, आणि त्याच्यासारखीच हाताला चव. घाणेरीच्या उतारावर गेनबा एकदा सायकलसकट पडला, तेव्हा ती माझ्याकडे आली.

"तात्या, आबांना किती वेळा सांगितलं, आईला उतरू द्या. गुडघे गेलेत त्यांचे. एक दिवस जीव जाईल. ऐकतच नाहीत. म्हणतात, तिला घाई आहे का?"

"मग मी काय करू?"

"तकलादू रिम घाला. दोन खेपांत वाकेल अशी. मग म्हणावंच लागेल त्यांना."

मी तिच्यासमोर चाक फिरवत राहिलो. ती गेल्यावर माळ्यावर चढलो आणि गेनबाची नेहमीचीच जाड रिम काढली.

पुढे गेनबाचे गुडघे खरोखरच गेले. तो काठी टेकत दुकानात आला. सायकल शेवंताने आणली होती. आमच्या गावात सायकल दुसऱ्याला दिली की 'उतर' म्हणायचा हक्कही जातो. नवा सायकलवाला म्हणेल तेच मागच्याला लागू. गेनबाने सीटवरची धूळ पुसली.

"शेवंता, आता ही तुझी," तो म्हणाला. "काय सांगायचं ते तूच सांग तिला. मला नाही जमलं."

मग कॅरिअरवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. "मुलगी नीट चालवते गं," असं हळूच म्हणाला आणि काठी टेकत घरी गेला.

दुकानात शेवंता आणि मी राहिलो. सायकल स्टँडवर होती. कॅरिअरखालची स्प्रिंग दबलेली होती, नेहमीसारखी. मी चष्मा काढला आणि काच पुसत पाठ फिरवली. अशा वेळी माणसाला एकटं सोडावं.

'उतर' काही ऐकू आलं नाही. स्प्रिंग वर येताना करकरते, तेही नाही.

"तात्या," ती म्हणाली, "मीसुद्धा काही हलकी नाही. मला कोणती रिम बसवाल?"

"ते वजनावर आहे पोरी. किती जणांचं धरू?"

तिने वाकून मागचा टायर अंगठ्याने दाबला, हवालदारांनी दाबला होता तसा. मग उभी राहिली. स्टँड काढला. चढली मात्र नाही. डाव्या अंगाने एक हात हँडलला लावला, दुसरा मागे कॅरिअरच्या कडेला, कोणी घसरू नये म्हणून धरतात तसा, आणि चौकाच्या दिशेने सायकल घेऊन हळूहळू चालत निघून गेली.