तुम्हाला काय वाटतं?

कार्यशाळेहून परतलो तो मी वेगळाच माणूस होऊन. यापुढे हुकूम सोडायचे नाहीत, उत्तरं द्यायची नाहीत. नुसते प्रश्न विचारायचे आणि माणसं घडवायची! मी शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक. कायम होणं सोमवारच्या तपासणीवर लटकलेलं. त्यामुळे माणसं जरा घाईनेच घडवायची होती.

पहिले सापडले लेखनिक.

"सर, तुमच्या खोलीची कडी अडकतेय. सुताराला बोलावू?"

मी हनुवटीवर हात ठेवला. "तुम्हाला काय वाटतं?"

"बोलवावं."

"का वाटतं?"

"विचार करून सांगतो," म्हणाले आणि गेले. माणूस विचार करू लागला! मला भरून आलं.

घरी बायकोने विचारलं, "आमटीत मीठ कमी आहे का हो?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, उद्यापासून तुम्हीच करा."

घर हे या पद्धतीला अजून तयार नव्हतं.

शनिवारी मी सगळ्यांना बजावलं, "तपासणीला येणाऱ्या अधिकारी बाईंसमोर मलासुद्धा उत्तर द्यायचं नाही. प्रश्नच विचारायचा. मी कितीही चिडलो तरी!"

सोमवारी दार लावून मी खोलीत स्वागताचं भाषण घोकत बसलो. बाहेर गाडी थांबली. लगबगीने उठून कडी ओढली, तर अर्धी कडी हातात आली आणि अर्धी दारातच रुतून बसली.

"अहो, मी अडकलोय! दार उघडा!"

बाहेरून उपमुख्याध्यापिकांचा मधाळ आवाज आला. "सर, दार उघडायचे कोणकोणते मार्ग तुम्हाला दिसतात?"

"बाई, हे खरं आहे! सुताराला बोलवा!"

"सुतारच का वाटतो?" हे लेखनिक. त्यांचा विचार अखेर पूर्ण झाला होता.

"तुम्हाला काही कळतं का?"

"तुम्हाला काय वाटतं?" सगळे एका सुरात म्हणाले.

"वा, प्रात्यक्षिक अगदी जिवंत आहे," असा अधिकारी बाईंचा आवाज आला. मग पावलं दूर गेली. वर्ग, प्रयोगशाळा, मैदान, सगळं उपमुख्याध्यापिकांनी फिरवून दाखवलं. मी किल्लीच्या भोकातून व्हरांड्याचा एक खांब तेवढा पाहत होतो.

जाताना अधिकारी बाई दारापाशी थांबल्या. "अभिनंदन सर! तुमच्यावाचून या शाळेचं काहीही अडत नाही."

मी दाराआडून मनापासून आभार मानले. त्या वाक्याचा अर्थ आदेश आला तेव्हा कळला. उपमुख्याध्यापिका आता कायम मुख्याध्यापिका झाल्या होत्या.

फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत गेलो. दाराला नवी कोरी कडी होती.

"बाई, मी आता कोणता वर्ग घेऊ?"

त्यांनी हनुवटीवर हात ठेवला.

मी मुकाट्याने पाचवीच्या वर्गाकडे निघालो.