व्याख्यानाला अध्यक्ष सात

सभागृह कसं भरायचं, हे मला विचारा! आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा मी कार्यवाह आहे. कार्यवाह म्हणजे जो खुर्च्या मांडतो, माईकवाल्याच्या विनवण्या करतो, वक्त्याला स्टँडवरून घेऊन येतो आणि शेवटी आभार मानताना नेमकं ज्याचं नाव राहून जातं, तो माणूस. आमच्या गावात व्याख्यानाचं नाव काढलं की लोक "वा! असे उपक्रम व्हायलाच हवेत" म्हणतात आणि घरी बसतात. मागे ताऱ्यांवरच्या व्याख्यानाला वक्ता, मी आणि माईकवाला एवढेच हजर होतो, आणि त्यातला माईकवाला झोपला होता.

पण या वर्षी तसं होऊन चालणार नव्हतं. या वर्षी व्याख्यान माझ्या अक्काचं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सगळा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जाऊन बसतात, अक्का गावाबाहेर जाऊन माती उकरत बसायला लागली. आमची नदी पूर्वी गावाला चिकटून वाहायची आणि मग ती दूर निघून गेली, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. ती कशी गेली आणि का गेली, हे अक्काने शोधून काढलं. नकाशांच्या गुंडाळ्यांनी तिचं कपाट भरलं, मग पलंगाखालची जागा भरली. विषय तिनेच दिला : 'आपली नदी कुठे गेली?'

"गर्दी होईल ना रे?" तिने विचारलं.

"अक्का, खुर्च्या कमी पडतील!"

"खुर्च्यांचं नको सांगूस. इतकी वर्षं पोरं माझं ऐकत होती, की दार लावलेलं होतं म्हणून बसत होती, हे मला अजून कळलेलं नाही. एकदा मोकळ्या माणसांपुढे बोलून बघायचंय. ज्यांना उठून जाता येतं अशा. कोणी ऐकलं तर ठीक. नाहीतर हे सगळे नकाशे मी रद्दीत घालणार आहे."

ती हसत हसत बोलली, पण मी तिला लहानपणापासून ओळखतो. अक्का हसत बोलते ते ती हमखास करते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मला युक्ती सुचली. साधा श्रोता एकटा येतो, तोही आला तर. पण अध्यक्ष? अध्यक्ष सहकुटुंब येतो! आपला माणूस स्टेजवर बसलेला बघायला त्याची बायको येते, मुलं येतात, शेजारी येतात, दुकानातली माणसं येतात. म्हणजे एक अध्यक्ष पकडला की अर्धं सभागृह भरलंच! मी डॉक्टरांना गाठलं.

"डॉक्टर, तुमच्याशिवाय दुसरं नावच डोळ्यांसमोर येत नाही."

"येईन की. पण ऐनवेळी पेशंट आला तर माझा नाइलाज आहे हं."

आणि इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे ठरलेला अध्यक्ष ऐनवेळी गळतो, ही रीतच आहे. कधी पेशंट येतो, कधी तारीख पडते, कधी पाहुणे टपकतात. तेव्हा हाताशी एक राखीव असावा म्हणून मी वकिलांकडे गेलो. वकिलांची खात्री काय, म्हणून चष्मेवाल्यांकडे. त्यांची पाठ धरते, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंकडे. असं करत करत सात जण झाले. "तुमच्याशिवाय दुसरं नावच डोळ्यांसमोर येत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की शेवटी मला ते खरंच वाटायला लागलं.

"अहो, सगळेच आले तर?" बायकोने विचारलं.

"आजवर एक तरी आलाय का?"

"तरी पण."

"तू काळजी करू नकोस!" मी म्हटलं. मी हे म्हटलं की ती काळजी करायला लागते.

व्याख्यानाच्या दिवशी डॉक्टर वेळेच्या आधीच हजर. दवाखाना बंद करून! पाठोपाठ बायको, मुलं, सासूबाई. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतोय, तोवर दारात वकील. काळा कोट घालून! त्यांच्यामागे चष्मेवाले सहकुटुंब. मग बाई, सोबत शाळेतल्या चार शिक्षिका. मग उरलेले तिघे, आपापला गोतावळा घेऊन. कोणाला पेशंट आला नव्हता, कोणाची तारीख पडली नव्हती, चष्मेवाल्यांची पाठसुद्धा त्या दिवशी छान मोकळी होती!

स्टेजवर खुर्च्या दोन, एक वक्त्याची, एक अध्यक्षांची. टेबलावर 'अध्यक्ष' अशी पाटी एक. पुष्पगुच्छही एकच.

"वकील वर कशाला चढतायत?" डॉक्टरांनी माझ्या कानात विचारलं.

"तुमचं स्वागत करायला."

"डॉक्टर माझ्या खुर्चीत का बसलेत?" वकिलांनी दुसऱ्या कानात विचारलं.

"खुर्ची गरम करतायत."

दोन्ही कान संपले, तेव्हा मी माईक हातात घेतला. "मंडळी! दरवर्षी एक अध्यक्ष असतो. आज विषयच इतका मोठा आहे, की आपण अध्यक्षमंडळ नेमलं आहे!" टाळ्या पडल्या. मी खालच्या खुर्च्या वर चढवल्या. पुष्पगुच्छ सुटा करून एकेकाला एकेक फूल दिलं. सातव्याच्या वाट्याला हिरवा पाला आणि चकचकीत कागद आला. पाटीचं तर बघायलाच नको! ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत होती. जो खोकायला वळे, त्याच्यासमोरून ती नाहीशी होई.

तरी सभागृह भरलं होतं. अक्का स्टेजच्या कडेला नकाशांची गुंडाळी पोटाशी धरून बसली होती, आणि समोरची माणसं बघून तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की मला वाटलं, जिंकलो!

मग घरच्यांनी फोटो काढले. बाबांचा फोटो, बाबांचा पाटीसकट फोटो, बाबांनी फूल धरलंय तो फोटो. आणि फोटो काढून झाल्यावर डॉक्टरांच्या सासूबाई म्हणाल्या, "चला, झालं." त्या उठल्या. त्या उठल्या म्हणून चष्मेवाल्यांकडचे उठले. मग शिक्षिका. मी दाराशी धावलो, "अहो, व्याख्यान आता सुरू होतंय!" "हो, हो, छान झालं," म्हणत लोक माझ्या हाताखालून निघून गेले. अक्का बोलायला उभी राहिली, पण तिची प्रस्तावना आटोपायच्या आत खाली एक माणूस उरला नाही. माझी बायको तेवढी होती, तीही चहाचं बघायला मागच्या खोलीत गेलेली.

स्टेजवर सात अध्यक्ष आणि एक वक्ता. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा.

अक्का थांबली. तिने खाली पाहिलं, मग मागे वळून वर बसलेल्यांकडे पाहिलं. आता ती गुंडाळी उचलेल, घरी जाईल आणि उद्या सकाळी रद्दीवाल्याला हाक मारेल, हे मला लख्ख दिसत होतं. आणि हे सगळं मी केलं होतं. खोटं बोलून, गोड बोलून, तिच्याच भल्यासाठी!

अक्काने माईक हातात घेतला आणि ती पायऱ्या उतरून खाली आली. रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ केली आणि स्टेजकडे तोंड करून उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता दिसताय सगळे. वकीलसाहेब, फोन खिशात. मग, नदी कुठे गेली?"

माईकची वायर ताणून तुटायला आली होती. मी वायर आणायला शेजारच्या टेलरकडे पळालो. वायर आणली तर तिची पिन बसेना. ती बसवली तर पंखा बंद पडला. पंखा चालू केला तर नकाशा उडायला लागला, म्हणून त्याच्या टोकांवर ठेवायला जाड शब्दकोश शोधून आणले. मग चहाचे कप कमी पडले. मधूनमधून नजर टाकत होतो, तेव्हा सात जण पुढे वाकून बसलेले दिसत होते. अध्यक्षाला स्टेजवरून उठता येत नाही, जांभई देता येत नाही, झोपता तर मुळीच येत नाही. सगळे एकमेकांच्या नजरेत! कोंडलेलेच होते बिचारे. पण कोंडलेला माणूस सुरुवातीला नुसता बसतो, आणि थोड्या वेळाने, दुसरं काही करता येत नाही म्हणून का होईना, ऐकायला लागतो. शाळेतही असंच होत असेल का? दार लावलेलं असतं ते खरं, पण कान तर कोणी कोणाचे उघडू शकत नाही.

मी चहाचा ट्रे घेऊन आलो, तेव्हा भांडण चालू होतं! सगळ्यांच्या खिशात अध्यक्षीय भाषणाचे कागद होते, पण एकानेही ते बाहेर काढले नव्हते. पाटी उलटी पडली होती. सगळे नकाशाभोवती खाली गुडघ्यांवर बसले होते.

"म्हणजे माझ्या दवाखान्याखाली वाळू आहे?"

"अहो, तुमच्या कशी? माझ्या विहिरीचं पाणी बघा!"

"भूगोलाच्या बाई, पुढच्या रविवारी आम्हाला ती जागा दाखवाल? मी गाडी काढतो."

अक्का त्यांच्यामध्ये वाकून बोट फिरवत होती. तिचे केस सुटले होते, हाताला शाई लागली होती. इतकी आनंदात मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले. ट्रेमुळे पुसता आले नाहीत.

घरी परतताना आम्ही तिघंच होतो. नकाशांची गुंडाळी मी खांद्यावर घेतली होती.

"जरा फसवलंस मला," अक्का म्हणाली. "पण बिचारे ऐकत होते रे. डॉक्टर तर मध्येच टिपून घेत होते."

"मग! मी म्हणत नव्हतो?" मी फुशारलो. "काय बोललीस, अक्का! एकेक शब्द असा! मी इतकी वर्षं व्याख्यानं करवतोय, पण असं व्याख्यान झालं नाही!"

"खरंच आवडलं तुला?"

"आवडलं म्हणजे काय!"

"मग सांग बघू. कुठे गेली नदी?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने रस्त्याकडे पाहिलं. बाकीचे निघून गेल्यावर अख्ख्या सभागृहात उठून जायची मोकळीक असलेला, अक्काला हवा होता तसा मोकळा श्रोता मी एकटाच होतो, हे मला तेव्हा कळलं. मी खांद्यावरची गुंडाळी उगीच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

अक्का माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे. पुढच्या वर्षी आठवा अध्यक्ष तू हो."