सासूबाईंचा नेम

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाची भाजलेली टर्की पोटात गेली की ड्वेन लुंडीनच्या घरातले पुरुष सोफ्यावर आडवे होत. त्या वर्षी मात्र सगळे टीव्हीसमोर ताठ बसले होते. ड्वेनच्या मुलीने, ट्रूडीने, वाढदिवसाला मिळालेला नवा खेळ मांडला होता. टीव्हीला जोडायचं एक खोकं, त्याला वायरने अडकवलेली प्लास्टिकची बंदूक आणि पडद्यावर इकडून तिकडे पळणारा एक पांढरा चौकोन. चौकोनावर नेम धरून चाप ओढायचा. लागला की खोकं 'टुँई' करायचं आणि पडद्यावरचा आकडा वाढायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या विस्कॉन्सिनमध्ये माणसं एवढ्यावर खूश होती.

ड्वेन सर्वांत खूश होता. बदकांच्या शिकारीत पंचक्रोशीत आपला हात धरणारा कोणी नाही, हे तो न विचारता सांगत असे. त्याच्या आयुष्यात भीती एकच होती: सासूबाई. युनिसबाई दूर गावी एकट्या राहत, स्वतः गाडी चालवत येत आणि आल्या की ड्वेनच्या गवत कापण्यापासून प्रार्थना म्हणण्यापर्यंत सगळ्यातल्या चुका काढत. "आईला दिसेनासं झालं की त्याच दिवशी तिला इथे आणणार, कायमची," असं बायकोने, लोरेनने, सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ड्वेन दर रविवारी चर्चमध्ये सासूच्या डोळ्यांसाठी इतक्या कळवळून प्रार्थना करी की पाद्रीबाबांनी एकदा त्याचं जाहीर कौतुक केलं होतं.

"बघा आता," म्हणत ड्वेनने बंदूक उचलली. एकही नेम लागला नाही.

त्याला कारण होतं. उडत्या बदकाच्या जरा पुढे गोळी झाडावी लागते, म्हणजे दोघं एकाच वेळी तिथे पोहोचतात. ड्वेनचा हात त्यातच मुरलेला. पण प्लास्टिकच्या बंदुकीतून निघत काहीच नव्हतं. चौकोन जिथे आहे तिथेच नेम हवा होता. ड्वेन इमानदारीत चौकोनाच्या पुढे मारत राहिला.

"पुढे मारावं लागतं रे," त्याने मेहुण्याला, व्हर्नला, समजावलं.

"का? टीव्हीतनं वारं येतंय का?"

"बाबा, आजीला द्या ना," ट्रूडी म्हणाली.

युनिसबाईंनी सोफ्यावर बसूनच बंदूक धरली. टुँई. पुन्हा टुँई. घरात एकच कल्ला झाला. आकडा भराभर चढू लागला.

"अरे, यात अवघड काय आहे?" युनिसबाई म्हणाल्या. "ते तर जागचं हलतसुद्धा नाही."

"ऐकलंस का ड्वेन? हलत नाही म्हणे!" व्हर्न हसून लोळायचाच बाकी होता.

सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. सोफ्यामागे तोंड पाडून उभ्या असलेल्या ड्वेनला तेवढी बंदुकीची नळी दिसली. ती टीव्हीकडे नव्हतीच. ती टीव्हीशेजारच्या टेबललॅम्पवर रोखलेली होती, आणि त्या बिचाऱ्या खोक्याला कुठलाही उजेड चालत होता. दुपारी युनिसबाईंनी गाडी फुलझाडांच्या वाफ्यात का उभी केली, हेही ड्वेनला उमगलं.

"अहो, हे चीटिंग आहे! आई तर..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य पूर्ण झालं, तर सासूबाईंची बॅग आज रात्रीच वरच्या खोलीत गेली असती.

"आई तर काय?" लोरेनने विचारलं.

"आई तर... फारच छान खेळतात."

लोरेन चरकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याने आईचं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "ड्वेन, खरं सांग. तुला दिसतंय ना नीट?"

"तरीच," व्हर्न म्हणाला. "या हंगामात दोनदा रिकाम्या हाताने आलाय."

"आणि पत्रपेटीला ट्रक घासलात ना तुम्ही, बाबा," ट्रूडीने आठवण करून दिली.

"बर्फ होता गं!"

"मला पासष्टाव्या वर्षी चौकोन दिसतो आणि याला दिसत नाही," युनिसबाई हळहळल्या. त्या मनापासून हळहळल्या, हे वाईट.

ड्वेनपुढे दोनच वाटा होत्या. खरं सांगितलं तर सासूबाई राहणार. म्हणून त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "असेल. जरा अंधुक दिसतं हल्ली."

"झालं तर मग!" लोरेनने ट्रकची किल्ली खिशात टाकली. "डॉक्टरला दाखवेपर्यंत तू गाडीला हात लावायचा नाहीस. कारखान्यात आई सोडेल तुला. आई, राहशील ना गं?"

"न राहून जाते कुठे?" युनिसबाई म्हणाल्या आणि पदराला... छे, ॲप्रनला डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ड्वेन चीजच्या कारखान्यात वेळेवर पोहोचला. गाईंना थँक्सगिव्हिंगची सुट्टी नसते. वाटेत तो जीव मुठीत धरून बोलत होता, "आई, लाल आहे. आई, समोर म्हातारा चाललाय. डावीकडे, आई, डावीकडे!"

संध्याकाळी युनिसबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"अगं, काळजी करू नकोस. सुधारतोय तो. आज मला सिग्नलसुद्धा त्यानेच दाखवला." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "पण अशा माणसाला मध्येच सोडून कसं जायचं? एप्रिलात ईस्टर येईपर्यंत तरी मी हलत नाही."