शस्त्रक्रियापूर्व माया

दुखायच्या आधी जे दिलं जातं ते औषध नसतं, ती माया असते. आणि मायेला नको म्हणायची सोय कुठल्याच घरात नसते.

माझ्या पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशनची तारीख ठरली. चिंता एकच. माझी लेक संस्कृती आठ महिन्यांची. टाके दुखत असताना तिला उचलून घेऊ कशी? हे मी फक्त सासूबाईंना बोलले. म्हणजे गारखेड्यापासून हर्सूलपर्यंत सर्व नातलगांना रीतसर कळलं.

दुसऱ्या दिवशी आवक सुरू झाली. मुकुंदवाडीच्या चतुराआत्यांनी हळदीच्या कॅप्सूल धाडल्या (घरात दोन किलो हळद होती, पण ती नुसतीच हळद). सोमनाथ भावजींनी माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. आमच्या माळकरी घरात त्या चालतात, कारण मासा दिसत नाही. आप्पासाहेबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी (निवृत्त तलाठी), फ्रिजवर वेळापत्रक डकवलं: दिवसाला अकरा गोळ्या, दोन चूर्णं, एक काढा. जेवायला पोटात जागा उरेना, तेव्हा भूक लागायची गोळी आली.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी भूलतज्ज्ञ डॉ. हिमानींनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

"नाही," सासूबाई, आप्पासाहेब आणि मी, तिघं एका सुरात.

"शक्तीचं वगैरे?"

"ते व्हय!" सासूबाईंनी अख्खी पिशवी टेबलावर पालथी केली. "लई जपतो आमी सुनेला."

डॉक्टर एकेक बाटली वाचत गेल्या. "यातली चार रक्त पातळ करू शकतात. दोन डब्यांवर आत काय आहे तेच लिहिलेलं नाही. सगळं बंद. ऑपरेशन पंधरा दिवसांनी."

"पण मग दुखणार नाय ना तिला?"

"थोडं दुखेल. त्यासाठी आम्ही औषध देऊ."

"औषध?" सासूबाई दचकल्या. "त्याचे लई साईड इफेक्ट असतात म्हणं!"

ऑपरेशनच झालं नाही, त्यामुळे ऑपरेशननंतरच्या वेदनेत शंभर टक्के घट झाली. आप्पासाहेबांनी हा निकाल नातलगांना कळवला. लगेच आणखी तीन बाटल्या आल्या. मी मात्र घरी येऊन संस्कृतीला दोन्ही हातांनी उचललं आणि टाके दुखतील त्या दिवसांसाठीचं थोडं आधीच कुरवाळून घेतलं. (याचा रक्तावर परिणाम होत नाही; डॉक्टरांना विचारलंय.)

आता पंधरा दिवस कुणाचं काही घ्यायचं नाही, असं ठरलंय. तरी हे वाचताना तुम्हालाही एक नाव आठवलंच असेल: एकदम नैसर्गिक, तुमच्या मावशींना गुण आलेलं. पाठवू नका. ते आलंय. फ्रिजमध्ये, संस्कृतीच्या खिमटीमागं.